बिरवाडीचे इंटरनेट : दुसरी वाट हवी

महाड तालुक्यातील बिरवाडी हे काळ नदीकाठचे गाव. एका अंगाला महाडची औद्योगिक वसाहत, तर दुसरीकडे वरंध घाटाकडे जाणारा रस्ता आणि डोंगरउतारावरच्या वाड्या. कारखाना, भातशेती आणि मुंबईतली नोकरी हे या परिसरातील घरांचे जुने आधार. आज या तिन्हींचे व्यवहार इंटरनेटवर अवलंबून आहेत.

मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याची आणि धुराची मोजमापे संवेदक घेतात आणि ती थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवली जातात. मालाचा ट्रक निघण्याआधी ई-वे बिल काढावे लागते. शेतकऱ्याला सातबारा घरबसल्या मिळतो. २०२१पासून ई-पीक पाहणीत तो बांधावर उभा राहून पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशांसह स्वतः नोंदवतो. जागेची ही माहिती उपग्रहांच्या संकेतांवरून मिळते, त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नोंद सरकारी सर्व्हरवर पोचवायची तर मात्र ते लागतेच.

शिक्षणात इंटरनेटची गरज २०२०च्या टाळेबंदीत उघडी पडली. वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि कोकणातल्या अनेक वाड्यांतील मुले नेटवर्कच्या शोधात डोंगरमाथ्यावर चढू लागली. धड्याचा मजकूर काही किलोबाइटमध्ये मावतो, पण तासाभराच्या चित्रफितीला शेकडो मेगाबाइट लागतात. त्यामुळे कमकुवत नेटवर्कच्या गावात वाचता येईल असा, उतरवून ठेवता येणारा मजकूर अधिक उपयोगी ठरतो.

गावकी आणि मुंबईकर चाकरमानी यांच्यातला संवादही आता व्हॉट्सॲपच्या गटावर चालतो. शिमग्याच्या पालखीचे नियोजन, देवळाची वर्गणी, आजारी माणसाची खबर आणि पावसाळ्यात नदीच्या पाण्याची पातळी, सारे त्याच गटावर येते.

गटावरचा संदेश हवेतून जातो तो मोबाइलच्या जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. ९०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर २३०० मेगाहर्ट्झची सुमारे १३ सेंटिमीटर असते. लहरीची लांबी जितकी कमी, तितकी ती अडथळ्याला वळसा घालून कमी पोचते. म्हणून डोंगराआडची वाडी मनोऱ्यापासून जवळ असूनही नेटवर्कच्या सावलीत राहते. मनोऱ्यापासून पुढे बहुतेक प्रवास काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून होतो. तंतूच्या गाभ्याची काच बाहेरच्या थरापेक्षा जास्त अपवर्तनांकाची असते. त्यामुळे प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने आतच राहतो आणि सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो.

संदेशाचे लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करून पाठवले जातात. एक मार्ग तुटला की पॅकेट दुसऱ्या मार्गाने वळवता येतात, आणि इंटरनेटची खरी ताकद इथेच आहे. मात्र त्यासाठी दुसरा मार्ग असावा लागतो. डोंगराळ भागात फायबर बहुधा रस्त्याकडेने जाते. दरड किंवा पूर रस्ता तोडतो तेव्हा तारही तुटते. वीज गेल्यावर मनोऱ्याची बॅटरी काही तासच टिकते आणि जनित्राला डिझेल पोचवायलाही रस्ताच लागतो.

२२ जुलै २०२१ रोजी महाड परिसराने हे भोगले. सावित्री नदीच्या पुरात महाड शहर बुडाले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. रस्ते बंद आणि नेटवर्क ठप्प, त्यामुळे खबर बाहेर पडायला आणि मदत पोचायला उशीर झाला.

यावरचे उपाय अवघड नाहीत. फायबरला दोन वेगळ्या दिशांनी जोडणी द्यावी, मनोऱ्याची उपकरणे पूररेषेच्या वर बसवावीत आणि सौरऊर्जेची जोड द्यावी. सेल ब्रॉडकास्टच्या इशाऱ्यात एकेका क्रमांकावर संदेश पाठवावा लागत नाही, मनोऱ्याच्या टप्प्यातील चालू फोनवर तो एकाच वेळी झळकतो. पण मनोरा जिवंत असला तरच. दरडग्रस्त वाड्यांत उपग्रह फोन किंवा वायरलेस संच ठेवणेही तितकेच गरजेचे आहे.

रोजचे काम, शिक्षण आणि गावकी ज्या जोडणीवर उभी आहे, तिची पाहणी पाणी आणि विजेप्रमाणेच दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हायला हवी. ग्रामसभांनी ही मागणी ठराव करून लावून धरावी.