रिपोर्टमध्ये ‘मेटाप्लेसिया’ आहे, म्हणजे कॅन्सर का?

गंगाखेडकडच्या एक ताई पॅप तपासणीचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आल्या. वय पस्तीस, तक्रार अंगावरून पांढरे जाण्याची. रिपोर्टमध्ये ‘स्क्वेमस मेटाप्लेसिया’ असे लिहिले होते. कोणीतरी त्यांना सांगितले होते, “पेशी बदलल्यात, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका.” ऑपरेशनसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली होती. खरे तर त्या रिपोर्टमध्ये घाबरण्यासारखे काहीच नव्हते.

‘प्लेसिया’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ घडण. हवा तसा घडवता येतो म्हणून ‘प्लास्टिक’ हे नावही त्याच मुळातून आले. त्याच्या आधी जे जोडलेले असते, ते घडणीचे काय झाले हे सांगते. कुंभाराचे उदाहरण घ्या. मडकी ठीक, पण गरजेपेक्षा जास्त झाली तर ते हायपरप्लेसिया. मडक्याऐवजी रांजण घडवायला घेतले, तर मेटाप्लेसिया. सुरवंटाच्या मेटामॉर्फोसिसमधला ‘मेटा’ तोच. मडकीच वेडीवाकडी होऊ लागली, की डिस्प्लेसिया.

गर्भाशयाच्या तोंडाशी दोन प्रकारची अस्तरे भेटतात. आतले नाजूक, उंच पेशींचे एकेरी. बाहेरचे चपट्या पेशींचे, अनेक थरांचे आणि टिकाऊ. वयात येताना आणि गरोदरपणात आतले अस्तर थोडे बाहेर सरकते. तिथे त्याचा योनीतल्या आम्लाशी संबंध येतो आणि शरीर त्या जागी टिकाऊ अस्तर घालते. उंच पेशी स्वतः चपट्या होत नाहीत, त्यांच्याखालच्या राखीव पेशी नव्या पद्धतीने वाढतात. हाच स्क्वेमस मेटाप्लेसिया. तो जवळजवळ प्रत्येक बाईत होतो. उलट या पेशी दिसल्या, म्हणजे नमुना योग्य जागेवरून घेतला गेला आहे.

योग्य जागा म्हणायचे कारण असे, की हे बदल होणारे कडे, ट्रान्सफॉर्मेशन झोन, एचपीव्ही विषाणूला सहज बळी पडते. हा विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहिला, तर डिस्प्लेसिया सुरू होऊ शकतो. पेशींचे केंद्रक मोठे आणि गडद होते, थरांची शिस्त मोडते. रिपोर्टमध्ये हे सीआयएन १, २ किंवा ३ असे येते. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप निवळतो, लक्ष ठेवले तरी पुरते. सीआयएन ३ मात्र कॅन्सर नसला तरी सोडून देण्यासारखा नाही. उपचार न केल्यास सुमारे ३० वर्षांत साधारण तीनपैकी एका बाईत त्याचा कॅन्सर होतो. “कॅन्सर नाही ना, मग झालं” म्हणून हा रिपोर्ट कपाटात ठेवणाऱ्या बायकांची मला जास्त काळजी वाटते.

वेळेवर शोधल्याने किती फरक पडतो, हे मराठवाड्यातच दिसले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने, ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते.

शिवाय सीआयएन २-३ साठीही सहसा पिशवी काढावी लागत नाही. तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा विजेच्या तारेने कापून काढता येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात मोठ्या प्रमाणावर काढल्याचे समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती.

सोनोग्राफीनंतरच्या बायोप्सीत ‘एंडोमेट्रियल हायपरप्लेसिया’ आला, तर त्याच्या शेजारी ‘अटिपिया’ आहे की नाही ते पाहा. नसेल तर पेशी संख्येने जास्त, पण घडणीने ठीक आहेत. हार्मोनच्या उपचाराने बहुतेक वेळा भागते. असेल तर कॅन्सरचा धोका बराच वाढतो आणि तेव्हा पिशवी काढण्याचा सल्ला योग्य ठरू शकतो.

मेटाप्लेसिया सगळीकडेच निरुपद्रवी असतो असेही नाही. अन्ननलिकेत सततच्या ॲसिडिटीने झालेल्या मेटाप्लेसियावर नजर ठेवावी लागते. शब्द तोच, जागा वेगळी. म्हणून नेटवर नुसता शब्द शोधू नका, नमुना कुठला आहे ते डॉक्टरांना विचारा. आणि संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जात असेल, तर जुना रिपोर्ट कितीही चांगला असला तरी पुन्हा तपासून घ्या.

त्या ताईंच्या पांढऱ्या पाण्यामागे साधा जंतुसंसर्ग निघाला. गोळ्यांनी तो बरा झाला. पुढची पॅप तपासणी तीन वर्षांनी करायची, असे त्यांच्या कागदावर लिहून दिले आहे.