ताणावर सोडलेले चार आठवडे

ख्रिस्ती मंडळीचं नवं वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही आणि नाताळच्या दिवशीही होत नाही. ते सुरू होतं नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान. त्या सकाळी देवळात येऊन बसलेल्या नवख्या माणसाला वाटेल, आता गोठा, गव्हाण, मेंढपाळ यांची गोष्ट निघणार. निघतं ते जगाच्या शेवटाचं वाचन. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. एका वर्षी मत्तयातला रात्री येणारा चोर, दुसऱ्या वर्षी मार्कातला घरधनी, जो कोणत्या प्रहरी परतेल याचा नेम नाही, आणि तिसऱ्या वर्षी लूकमधली सूर्य-चंद्र-ताऱ्यांतली चिन्हं. तिन्हींचा सांगावा एकच: जागे राहा. तान्ह्या बाळाच्या स्वागताची तयारी जगाच्या अंतापासून सुरू होते! कितीही वर्षं ऐकलं तरी मला याचा अचंबा वाटायचा थांबत नाही.

या चार आठवड्यांना आपण आगमनकाळ म्हणतो. रविवार चारच, पण दिवस दर वर्षी सारखे नसतात. 2022 मध्ये नाताळ रविवारी आला, तेव्हा हा काळ पुरता 28 दिवसांचा होता. लगेच पुढच्या वर्षी चौथा रविवार 24 डिसेंबरलाच पडला आणि सगळा काळ 22 दिवसांत आटोपला. चौथ्या आठवड्याला जेमतेम एक दिवस मिळाला.

आता तो जगाचा शेवट इथे कशाला? कारण मंडळी दोन आगमनांकडे एकदम पाहते. एक होऊन गेलेलं, बेथलेहेमातलं. दुसरं व्हायचं असलेलं, काळाच्या अखेरीचं. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड (1090–1153) यांनी आपल्या प्रवचनांत या दोहोंच्या मधलं तिसरं आगमन सांगितलं. पहिल्या आगमनात प्रभू देह धरून, दुबळेपणात आला. शेवटच्यात वैभवात येईल. आणि मधल्यात तो गुपचूप माणसाच्या अंतःकरणात येतो. पहिलं आगमन आपल्या हातून निसटलेलं आहे, त्या रात्री आपण तिथे नव्हतो. शेवटचं कुणाच्याच हातात नाही. तयारी करता येते ती या मधल्या आगमनाची. नाताळची आध्यात्मिक तयारी म्हणून जे काही आपण करतो, ते सगळं या मधल्या वाटेवरचं काम आहे.

आणि ते काम कसं करायचं, हे पांढुर्णा आणि सौंसरच्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही.

हा पट्टा तसा दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा. 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी. 2023 पर्यंत दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्या वर्षी पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. बाहेरचे लोक पांढुर्ण्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे ओळखतात. आम्ही ओळखतो संत्र्यामुळे.

डिसेंबरात इथल्या बागांमध्ये एक विलक्षण गोष्ट चालू असते. आंबिया बहाराची फळं उतरत असतात, ट्रक भरत असतात, आणि त्याच वेळी पुढच्या आंबियासाठी झाडांचं पाणी तोडलेलं असतं. याला झाड ताणावर सोडणं म्हणतात. जमीन भारी काळी असेल तर दीड-दोन महिने, हलकी असेल तर त्याहून कमी. विहिरीला पाणी असतं, मोटार चालू असते, तरी झाडाला पाणी द्यायचं नाही. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही पिवळी पडून गळतात. न जाणणाऱ्याला वाटेल, बाग गेली. पण झाडाच्या आत वेगळंच घडत असतं. पाणी सुरू राहिलं तर संत्र्याचं झाड नुसती पालवी फोडत राहतं. पाणी तुटलं आणि त्यात सातपुड्यावरून उतरणारी थंडी मिळाली की वाढ थांबते, झाडात अन्नाचा साठा होतो आणि डोळ्यांचा कल पालवीकडून कळीकडे वळतो. मग साधारण जानेवारीच्या मध्याला खत घालून, आधी हलकं पाणी देऊन ताण तोडतात. थोड्याच आठवड्यांत झाड फुलांनी पांढरं होतं आणि वास अख्ख्या शिवारात भरतो.

आगमनकाळातला उपास मला नेमका असा दिसतो. घरात अन्न आहे, ते खाण्यात पाप नाही, तरी काही दिवस हात आखडायचा, म्हणजे जी शक्ती रोज पानं फोडण्यात खर्ची पडते ती कळीकडे वळेल. आज डिसेंबर लागला की घरोघरी करंज्या, शंकरपाळे, केक. उपासाची आठवण फार थोड्यांना असते. पण हा काळ जन्माला आला तोच मुळी उपासाचा म्हणून. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास ठरवून दिला. 581 मध्ये माकों इथल्या धर्मपरिषदेने सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वार नेमले. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ही रीत आजवर सोडलेली नाही: ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स 15 नोव्हेंबरपासून 40 दिवस धरतात, आणि आपल्या केरळातले सुरियानी ख्रिस्ती 1 डिसेंबरपासून 25 दिवस मांस-मासे वर्ज्य करतात.

जाणता बागायतदार हेही सांगेल की ताण बेताचा हवा. रोपट्याला तो देत नाहीत आणि आजारी झाडाला तर नाहीच. मंडळीनेही लहान मुलं, आजारी माणसं, गरोदर बायका यांना उपासातून मोकळं ठेवलंय. झाड वाळवणं हा हेतूच नव्हता.

लूकचं शुभवर्तमान उघडलं तर ताणाची आणखी एक तऱ्हा पहिल्याच अध्यायात भेटते. नाताळची गोष्ट तिथे मरीयेपासून सुरू होत नाही. ती सुरू होते जखऱ्या नावाच्या म्हाताऱ्या याजकापासून. मंदिरात धूप जाळण्याची पाळी त्याच्यावर आलेली, बाहेर लोक प्रार्थना करत उभे. आत गब्रीएल दूत सांगतो, तुझ्या म्हाताऱ्या बायकोला, अलीशिबेला, मुलगा होईल. जखऱ्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा जाते. बाहेर येऊन तो नुसत्या खुणा करत राहतो. मूल जन्मून त्याचं नाव ठेवायची वेळ येते तेव्हा तो पाटी मागवून त्यावर योहान लिहितो आणि त्याच क्षणी त्याची जीभ मोकळी होते. बाहेर पडतं ते स्तोत्र. ज्याचा पेशाच बोलण्याचा आहे, आशीर्वाद उच्चारण्याचा आहे, त्याला देवाने तयारी म्हणून कित्येक महिने मुकं ठेवलं! पूर्वी मी ही शिक्षा समजत असे. आता वाटतं, अविश्वासाला औषध म्हणून देवाने त्याला ऐकायला बसवलं. आगमनकाळात रोज पंधरा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसणाऱ्याला ही जखऱ्याची जागा थोडीशी कळते. पहिले दिवस जड जातात. डोक्यात हिशेब, भांडणं, सणाची यादी. मग हळूहळू तळ दिसू लागतो, आणि तळाशी जे असतं ते नेहमी सुंदर नसतं. पापनिवेदनाची, पश्चात्तापाची खरी सुरुवात तिथे होते.

वाट पाहणं हीच तयारी, हे आपल्या भाषेत सर्वांत मोठ्या प्रमाणावर मांडलं ते एका इंग्रज माणसाने. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरले, साष्टीत रमले, आणि 1616 मध्ये राचोलला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं: रोमन लिपीत, पण मराठी ओवीत, सुमारे 11 हजार ओव्यांचं. आज आपण ज्याला ख्रिस्तपुराण म्हणतो त्याचं पोर्तुगीज शीर्षक होतं, जगात तारणारा येशू ख्रिस्त याच्या येण्याविषयीचं प्रवचन. म्हणजे अख्खा ग्रंथच आगमनाचा. त्याची बांधणी पाहा. पुराणं दोन, अवस्वरू म्हणजे अध्याय एकंदर 95. त्यातले पहिले 36 जुन्या कराराचे: सृष्टी, आदामाचं पतन, तारणाऱ्याचं वचन, कुलपती, राजे, संदेष्टे. 36 अध्याय ओव्या ऐकायच्या आणि अजून बाळाचा पत्ता नाही! ऐकणारे नव्याने ख्रिस्ती झालेले, आधीच्या पुराणांच्या नादावर वाढलेले लोक होते. स्टीफन्सनी त्यांना नाताळ आयता दिला नाही. आधी हजारो वर्षं वाट पाहायला लावली, मग जन्म सांगितला.

आमच्या भागात शुभवर्तमान आलं ते बरंच नंतर आणि निराळ्या वाटांनी. स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. 1877 मध्ये स्वीडनचे लुथरन मिशनरी मध्य प्रांतात पोहोचले. त्यांच्या कामातून उभं राहिलेल्या मध्य प्रदेशातल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचं मुख्यालय आजही छिंदवाड्यात आहे. आणि आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या, ज्या आता कॅथलिक देवळांतही लावतात, त्या जगाला दिल्या लुथरन मंडळीनेच.

ती गोष्ट हॅम्बुर्गची. योहान हिनरिच विखर्न यांनी 1833 मध्ये तिथे निराधार मुलांसाठी आश्रम काढला. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? 1839 मध्ये विखर्ननी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या वारांसाठी छोट्या तांबड्या मेणबत्त्या बसवल्या. रोज एक जास्त पेटायची. मुलं दिवस मोजायला शिकली आणि दिवस मावळत असताना उजेड वाढताना पाहायला शिकली. हॅम्बुर्गला नाताळच्या आधीच्या आठवड्यात दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. सौंसरला तो पावणे अकरा तासांचा आहे, म्हणून आपल्याला अंधाराचा तो धाक कळत नाही. पण आपलीही रात्र तेव्हा सव्वा तेरा तासांची, वर्षातली सर्वांत लांब असते.

याच शेवटच्या आठवड्यात, 17 ते 23 डिसेंबर, मंडळी संध्याकाळच्या प्रार्थनेत मरीयेच्या स्तोत्राच्या आधी रोज येणाऱ्याला एका नव्या नावाने हाक मारते. ही चाल बाराशे वर्षांहून जुनी. प्रज्ञा, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. उगवत्या प्रकाशाची हाक येते 21 तारखेला, नेमकी त्या लांबच लांब रात्रीच्या तोंडावर. आणि या सात लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटाकडून उलटी वाचली तर वाक्य तयार होतं: उद्या मी येईन. सात दिवस माणसं हाक मारत आली आणि उत्तर त्यांच्याच हाकांत दडलेलं निघालं. हे मुद्दाम साधलेलं की आपसूक जुळलेलं, यावर अभ्यासक वाद घालतात. मला दोन्हींत आनंदच आहे.

घरी करण्यासारखी एक साधी चाल अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आहे. लूकच्या शुभवर्तमानाचे अध्याय 24. 1 डिसेंबरपासून रोज रात्री एक वाचला तर 24 तारखेला ग्रंथ पुरा होतो आणि आपण पुनरुत्थानाच्या बातमीसकट गव्हाणीपाशी पोहोचतो. शब्दाला सावकाश आत येऊ देण्याचं बळ काय असतं, याचं आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते खिळले. तरीही उडी घेतली नाही. वाचलं, तपासलं, प्रार्थना केली, आणि बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी पाच वर्षं लागली. घाई कुणी केली नाही.

मात्र उपास, मौन, वाचन एवढ्यावर थांबलं तर तयारी अर्धीच राहते, असं मला ठामपणे वाटतं. आगमनकाळाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी देवळात उभा असतो तो जखऱ्याचा मुलगा, बाप्तिस्मा करणारा योहान. प्रभूची वाट तयार करा, असं तो रानात ओरडतो. लोक घाबरून विचारतात, मग आम्ही करावं तरी काय? लूकच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रश्न तीनदा येतो, आणि रानात राहून टोळ आणि मध खाणाऱ्या त्या तपस्व्याची उत्तरं थक्क करतात. तो कुणालाही रानात बोलावत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, जेवणाचंही तसंच. जकातदाराला सांगतो, ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नकोस. शिपायाला सांगतो, दमदाटीने पैसे उकळू नकोस, पगारात भागव. प्रत्येकाने आपल्याच जागी, आपल्याच धंद्यात परत जायचं आहे. कपाटात वापराविना पडलेलं ब्लँकेट, दुकानातलं माप, कामाला येणाऱ्या बाईची राहिलेली मजुरी, वाटणीवरून बोलणं तुटलेला भाऊ. राजासाठी सरळ करायचा रस्ता आहे तो एवढ्या लांबीचा, आणि त्यासाठी 24 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे. मजुरी आधी द्यावी. भावाकडे जायला दोन-तीन फेऱ्या लागू शकतात.