दुष्ट देवांना भक्त कुठून मिळतात?

रोलप्लेइंग गेमच्या देवमंडळात दुष्ट देवाला दोन कामे असतात. एक, मोहिमेच्या शेवटी उभा राहणारा शत्रू होणे. दुसरे, त्या जगातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात सामील असणे. पहिले काम सोपे आहे आणि बहुतेक देवमंडळे तिथेच थांबतात. दुसरे साधलेली जगे मोजकीच. दुष्ट देवाची खरी परीक्षा एका प्रश्नाने होते: त्याच्या देवळात कोण जाते, आणि का?

१९७४ च्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे सुव्यवस्था, तटस्थता आणि अनागोंदी असे तीन पक्ष आहेत, तेही पौल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांवरून घेतलेले. पुढे जेम्स वॉर्ड आणि रॉबर्ट कुंट्झ यांच्या ‘डेइटीज अँड डेमीगॉड्स’ने (१९८०) ग्रीक, नॉर्स आणि भारतीय देवांना एकाच मापाच्या कोष्टकांत बसवले. ड्राउ एल्फांची कोळीदेवी लॉल्थ हिला हिट पॉइंट्स, म्हणजे मरेपर्यंत सोसायच्या घावांचे गुण, मिळाले ६६. देवी आकड्यात मावली की ती मारताही येते, आणि अनेक टेबलांवर ती मारली गेलीच. खरे तर गॅरी गायगॅक्स यांच्या ‘व्हॉल्ट ऑफ द ड्राउ’मध्ये (१९७८) याहून कितीतरी सरस सामग्री होती. तिथे लॉल्थच्या पुरोहितिणींची सत्ता झुगारण्यासाठी आयलसर्व्ह्ज घराणे दुसऱ्याच, अधिक भयानक देवाकडे वळलेले आहे. राजकारणापोटी देव बदलणारे हे घराणे त्या ६६ आकड्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

‘ड्रॅगनलान्स’ने (१९८४) सात चांगले, सात तटस्थ आणि सात दुष्ट असे एकवीस देव मांडले. रचना रेखीव, पण ताखिसिस सोडली तर दुष्ट देवांच्या बाजूने फारसे काही हाती लागत नाही. ‘वॉरहॅमर’मधले केऑसचे चार देव माणसांच्याच भावनांवर पोसले जातात. कल्पना जबरदस्त आहे, मात्र तिचा मोठा विस्तार युद्धखेळाच्या पुस्तकांत झाला.

सर्वांत भरघोस काम ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरँथाचे. ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ (१९७५) या युद्धखेळातून पुढे आलेले हे जग ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) रोलप्लेइंगमध्ये आणले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये प्रत्येक पंथाची नोंद एका ठरावीक साच्यात होती: दैवतकथा, मरणोत्तर गती, समाजातले स्थान, दीक्षेच्या अटी, पुरोहितांचे अधिकार, मित्रपंथ. १९८१ च्या ‘कल्ट्स ऑफ टेरर’ने तोच साचा तितक्याच गांभीर्याने केऑसच्या दैवतांना लावला. या खेळप्रकाराच्या इतिहासात इतका मोलाचा निर्णय दुसरा नाही. रोगांची देवी मालिया हिचेच पाहावे. तिचे दीक्षित भक्त थोडे, पण साथ लांब राहावी म्हणून तिला तिचा वाटा देणारी साधी माणसे आहेत. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपार नेणाऱ्या महाराष्ट्राला ही भक्ती समजावून सांगावी लागत नाही. अर्थात मरीआई रक्षण करणारी आईसुद्धा असते, मालिया तशी कधीच नसते. त्याच पुस्तकात एका दैवताला दोन नावे आहेत. अनुयायांसाठी तो प्रकाश देणारा निसालोर, शत्रूंसाठी फसवणारा ग्बाजी. कोण खरे, याचा निवाडा पुस्तक खेळणाऱ्यांवर सोपवते.

एवढा तपशील टेबलावर वापरलाच जात नाही, असा आक्षेप काही जाणकार वर्षानुवर्षे घेत आले आहेत. तो टिकत नाही. गावकरी मालियाला वाटा का देतात हे ठाऊक असलेल्या खेळाडूला तिची वेदी सहज फोडता येत नाही. फोडल्यावर साथ आली तर दोष कोणाचा, हा विचार त्याला तलवार उपसण्याआधी करावा लागतो. तपशील वापरला जातो तो असा.

हीच वाट एड ग्रीनवुड यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘फर्गॉटन रेल्म्स’ या जगात (१९८७) धरली. समुद्राची देवी अंबरली दुष्ट आणि लहरी आहे, तरी खलाशी तिला भेट चढवतात, कारण परतायचे असते. टॅलोनाला आजारपणात आळवतात, ऑरिलला हिवाळ्यात. १९८९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मात्र बाहेरचे वारे आत शिरले. अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आरोप होत होते. नियमांतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावे गेली, मारेकऱ्यांचा वर्गही गेला. त्याच सुमारास रेल्म्सच्या कथेत खुनाचा देव भाल मारला गेला. १९९८ च्या ‘बाल्डर्स गेट’ने त्याच्या मर्त्य संततीची गोष्ट रचून या पोकळीचे सोने केले, हे संगणकावरच्या खेळाचे श्रेय.

त्यानंतरची घसरण डोळ्यांत भरते. पाचव्या आवृत्तीच्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये (२०१४) देव परिशिष्टात गेले: नाव, कल, क्षेत्रे, चिन्ह, असे चार रकाने. रकान्यात भक्त मावत नाहीत. ‘पाथफाइंडर’ने २०२३ मध्ये चांगल्या-वाईटाचे जुने कलच काढून टाकले. दुष्ट देव पात्रांना लेबले लावतात, तेव्हा ते देवमंडळातूनच काढावेत, असे म्हणणारेही आता आहेत. त्यांनी रॉजर मूर यांची ‘ड्रॅगन’ मासिकात जून १९८२ मध्ये आलेली ओर्कांचा देव ग्रुम्श याची कथा वाचायला हवी. देवांनी आपापल्या प्रजेसाठी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतले. डोंगर ड्वार्फांना, रान एल्फांना गेले, ओर्कांसाठी काहीच उरले नाही. ग्रुम्शने भाला उचलला तो या अन्यायापायी. २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ओर्क खेळाडूंनी निवडायची जमात झाले आणि ग्रुम्श त्यांना देणग्या देणारा निर्माता. जन्मजात दुष्ट जमात ही कल्पना मागे पडली हे योग्यच झाले. पण त्या नोंदीत चिठ्ठ्यांची कथा नाही, आणि ओर्क जन्माने दुष्ट नव्हते हे बेचाळीस वर्षांपूर्वी तिनेच सांगितले होते.