अंतराळ नौदलाच्या प्रार्थनेचे मूळ

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'ऑर्डील इन स्पेस' या 1948 सालच्या विज्ञानकथेत अंतराळात जाणाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेचे एक कडवे आहे. भविष्यातली ही प्रार्थना कथेत पूर्वापार चालत आल्यासारखी वाटते, याचे कारण तिचा साचा खरोखरच जुना आहे.

हा साचा इंग्लंडमधला. विंचेस्टर येथील गायकमुलांचे शिक्षक विल्यम व्हायटिंग यांनी 1860 मध्ये समुद्रावरील लोकांसाठी एक स्तोत्र लिहिले. पुढच्याच वर्षी जॉन बॅकस डाइक्स यांनी त्याला चाल दिली. चालीचे नाव 'मेलिटा', म्हणजे माल्टा. बायबलनुसार संत पॉल यांचे जहाज याच बेटापाशी फुटले होते.

स्तोत्राची रचना मोठी सोयीची आहे. सहा ओळींच्या कडव्यात आधी ईश्वराच्या सामर्थ्याचे वर्णन येते आणि अखेरीस संकटात सापडलेल्यांसाठी याचना. याचना तीच ठेवून संकट तेवढे बदलले की नवे कडवे तयार होते. वैमानिक, पाणबुडीवरचे खलाशी अशा अनेकांसाठी पुढे कडवी रचली गेली ती यामुळेच.

अमेरिकी नौदलाने हे स्तोत्र आपलेसे केले. ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत ते एकोणिसाव्या शतकापासून म्हटले जाते. हाइनलाइन याच अकादमीचे 1929 चे पदवीधर. क्षयरोगामुळे त्यांना 1934 मध्ये नौदल सोडावे लागले, पण तिथले संस्कार सुटले नाहीत. त्यांनी समुद्राच्या जागी अंतराळ आणले आणि वृत्त तेच ठेवले. त्यामुळे त्यांचे कडवे मूळ चालीवर आजही गाता येते.