खेळातले वर्ग आणि नवागताचा न्याय



युनियनच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो वेतनकरारावर, कंत्राटी कामगारांवर, नाहीतर महागाईवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. माझा आजचा विषय मात्र संगणकावरच्या खेळांचा आहे. तो जाहीर झाल्यावर पुढच्या रांगेतल्या काही वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. त्यांना मी एवढेच सांगतो की हा विषय शोधायला मी गेलो नव्हतो. तो आपल्या पायांनी माझ्या घरात आला.

माझा भाचा एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. दोन महिन्यांपूर्वी मित्राच्या आग्रहावरून त्याने असा एक खेळ सुरू केला आणि पंधरा दिवसांत सोडूनही दिला. मी विचारले, 'का रे, कंटाळलास?' तो म्हणाला, 'नाही मामा. मी जखमा बऱ्या करणाऱ्याचे काम घेतले होते. त्याला एकट्याने लढता येत नाही, आणि तुकडीत घ्यायला कोणी तयार नाही. म्हणतात, आधी पन्नासाव्या पायरीवर ये. तुकडीवाचून पन्नासावी पायरी गाठायची कशी, ते तुम्हीच सांगा.' अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे रडगाणे मी तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत ऐकत आलो आहे. तेच खेळात ऐकल्यावर मला चैन पडेना. भाच्याला शेजारी बसवून मी हा प्रकार समजून घेतला, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

हजारो माणसे आपापल्या घरी बसून इंटरनेटच्या मार्गाने एकाच कल्पित जगात शिरतात. प्रत्येकाने आरंभी एक पात्र घ्यायचे आणि त्या पात्राचा वर्ग ठरवायचा. 'वर्ग' म्हटला की माझ्यासारख्याचे कान टवकारतात. पण येथे वर्ग म्हणजे धंदा. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी उपचार करणारा. राक्षस मारले, कामगिऱ्या पार पाडल्या की अनुभवाचे गुण मिळतात; ठरावीक गुण साठले की पात्र एक पायरी वर चढते, आणि दर काही पायऱ्यांना नवी हत्यारे व नवे मंत्र त्याच्या हाती येतात. ही पायऱ्यांची चढण सर्वांना सारखी न्याय्य आहे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

या व्यवस्थेचे मूळ संगणकात नाही, कागदावर आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसून फासे टाकीत तो खेळायचा. त्यात वर्ग तीन होते: योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. दुसरी पायरी चढायला पुरोहिताला 1,500 गुण लागत, योद्ध्याला 2,000 आणि मांत्रिकाला 2,500. हा मांत्रिक पहिल्या पायरीवर दिवसातून एकच मंत्र टाकू शके. तो टाकून झाला की बिचारा इतरांच्या पाठीमागे उभा. पुढे मात्र तोच मांत्रिक एका मंत्रात शत्रूंचा जथाच्या जथा जाळून टाकी आणि योद्धा नुसता पाहत राही. म्हणजे एकाने आरंभी सोसायचे, दुसऱ्याने अखेरीस सोसायचे, आणि दोघांची सरासरी काढून त्याला न्याय म्हणायचे. पण उमेदवारीत उपाशी राहणाऱ्याला निवृत्तीनंतरच्या सुबत्तेचे चित्र दाखवून त्याचे पोट भरत नाही. 2000 साली निघालेल्या या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व वर्गांना गुणांचे एकच कोष्टक लागू झाले. कोष्टक एक झाले, पण बळातला फरक तेवढ्याने मिटला नाही.

1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांना एकत्र खेळता येईल असे जग संगणकावर उभे केले. पुढे इंटरनेट घरोघर पोहोचले आणि 1999 साली 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ निघाला. त्यातले एक उदाहरण कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या खेळात अर्धा योद्धा आणि अर्धा पुरोहित, असे काही मिश्र वर्ग होते. त्यांना दोन विद्या येतात, म्हणून त्यांच्या चढणीसाठी 40 टक्के जास्त गुण ठेवले. येथवर ठीक होते. पण तुकडीने मिळवलेले गुण वाटताना ज्याच्या नावावर एकूण गुण अधिक, त्याला वाटा अधिक, असा नियम होता. म्हणजे मिश्र वर्गाचा माणूस तुकडीत घेतला की त्याच पायरीवरच्या इतरांचे वाटे घटत. एकाला कामावर घेतले की बाकीच्यांच्या मजुरीला कात्री लागावी, अशी व्यवस्था केल्यावर त्याला कोण जवळ करणार? खेळणारी माणसे दुष्ट नव्हती. हिशेब दुष्ट होता. पुढे चालकांनी ही वर्गाची जादा आकारणी काढून टाकली.

हिशेब आणि त्याचे नाव यांचीही एक गंमत आहे. 2004 साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची चाचणी चालू असताना नियम होता की काही काळ खेळल्यावर मिळणारे गुण निम्मे व्हावेत. दिवसरात्र बसणारे फार पुढे जाऊ नयेत, हा त्यातला हेतू. चाचणी करणारे चिडले. ही शिक्षा आहे असे म्हणू लागले. तेव्हा चालकांनी आकडे उलट्या बाजूने मांडले. जो विश्रांती घेऊन येईल त्याला राक्षस मारण्याचे दुप्पट गुण, आणि ते संपले की नेहमीचे. हिशेब तोच, पण दंडाचे नाव बोनस झाले आणि तक्रार मिटली. खेळातल्या धर्मशाळेत पात्र ठेवून गेले की दर आठ तासांना एका पायरीच्या वीसाव्या भागाइतकी ही सवलत साठते, आणि ती दीड पायरीपर्यंतच साठू शकते. दिवसा नोकरी करून रात्री तासभर येणाऱ्याला याचा खरा उपयोग होतो. नावाला हसू नका. वेतनकरारात कपात आणि प्रोत्साहन या दोन शब्दांत किती अंतर असते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता जुन्या आणि नव्यातला प्रश्न. जुना माणूस शंभराव्या पायरीवर, नवा पहिलीवर. दोघे मित्र असले तरी एकत्र काम करू शकत नाहीत. यावर 'सिटी ऑफ हीरोज' या 2004 च्या खेळाने साधा तोडगा काढला. जुन्याने नव्याला जोडीदार म्हणून घ्यायचे. जोडी असेपर्यंत नव्याचे बळ जुन्याच्या जवळ आणून ठेवले जाई, आणि जोडी सुटली की तो आपल्या पायरीवर परत. तो खेळ मूळ कंपनीने 2012 साली बंद केला, पण युक्ती राहिली.

2013 साली नव्याने उभ्या केलेल्या 'फायनल फँटसी चौदा' या जपानी खेळात याची उलट बाजू आहे. तेथे खालच्या पायरीच्या मोहिमेत वरचा माणूस गेला की त्याचेच बळ त्या मोहिमेपुरते खाली उतरते. रोज अशा मोहिमेत जाणाऱ्याला बक्षीस मिळते, आणि तुकडीत कोणी ती मोहीम प्रथमच करीत असेल तर बाकीच्यांना जादा मोबदला मिळतो. एव्हरक्वेस्टच्या हिशेबाची ही बरोबर उलटी बाजू! तेथे काही वर्गांचा माणूस तुकडीला ओझे होता. येथे नवा माणूस तुकडीची कमाई आहे. शिवाय एकाच पात्राला सारे वर्ग शिकता येतात आणि एक वर्ग वर गेला की मागे राहिलेल्या वर्गांना गुण अधिक वेगाने मिळतात. पहिल्या दिवशी अजाणतेपणी चुकीचा धंदा निवडला म्हणून जन्माचे नुकसान होत नाही.

'ईव्ह ऑनलाइन' या आइसलंडमधल्या 2003 च्या खेळात तर कौशल्य घड्याळाप्रमाणे वाढते. खेळा अथवा झोपा, ते चालूच. मग वीस वर्षांच्या जुन्याला नवा कधी गाठणार? एकूण बेरजेत कधीच नाही. परंतु प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या पाचच आहेत. एक लहान जहाज नीट चालवण्याचे शिक्षण नवा माणूस पुरे करतो आणि तेवढ्या कामात जुन्याच्या बरोबरीने उभा राहतो. जुन्याकडे विद्या अनेक, नव्याकडे एक. पण ती पुरी. 2016 साली त्या खेळात कौशल्यगुण विकत घेण्याची सोय झाली. तेव्हा 50 लाखांहून कमी गुण असलेल्याला एका मोठ्या मात्रेत 5 लाख गुण मिळत, आणि 8 कोटींहून जास्त असलेल्याला त्याच मात्रेत दीड लाख. गरजवंताला अधिक, हे तत्त्व चांगले. विक्रीचा मार्ग मला पसंत नाही.

कारण विक्रीत एक धोका आहे. वॉरक्राफ्टने 2014 साली 60 डॉलरना एकदम नव्वदाव्या पायरीवर नेण्याची सोय काढली. फायनल फँटसीनेही 2017 साली असे पायऱ्या चढवणारे औषध विकायला काढले. माझे वडील मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. जॉबरला दस्तुरी दिल्यावाचून साच्यावर उभे राहायला मिळत नसे, असे ते सांगत. जो वाट अडवतो तोच वाट मोकळी करण्याचे पैसे घेऊ लागला, की वाट आपोआप मोकळी करण्याची त्याला निकड राहत नाही. शिवाय पैसे देऊन वर चढलेला माणूस धंदा शिकलेला नसतो. तुकडीत त्याची फजिती होते ती होतेच. याच्या उलट वॉरक्राफ्टने 2020 साली 120 पायऱ्यांची शिडीच 60 पायऱ्यांची केली आणि नवशिक्यांसाठी पहिल्या दहा पायऱ्यांचे वेगळे शिकवणीचे बेट काढले. हा उपाय सर्वांसाठी होता, म्हणून मला अधिक सरळ वाटतो.

जुने खेळाडू म्हणतात, 'आम्ही खस्ता खाल्ल्या, यांना आयते का?' या तक्रारीला मी हसणार नाही, कारण मीही एकदा तिच्या बाजूने सही केलेली आहे. एका कारखान्यात व्यवस्थापनाने आमच्यापुढे करार ठेवला: जुन्यांना पगारवाढ, पण पुढे येणाऱ्यांना खालची वेगळी श्रेणी. पुढे येणारे त्या दिवशी सभेत नव्हते. त्यांचा हात वर झालाच नाही. आम्ही जुन्यांच्या घामाचा मान राखला असे मला वाटले. सात-आठ वर्षांनी तीच मुले आमच्या शेजारी उभी राहून तेच काम कमी पगारात करीत होती, आणि सभेची नोटीस लावली तर कोणी येईना. एक मुलगा मला म्हणाला, 'साहेब, तुमची युनियन तुमची.' त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून जुन्यांचा मान आणि नव्यांचा मार्ग यांची फारकत करू नये, असे माझे मत आहे. जुन्याला पदवी द्या, झेंडा द्या, त्याच्या नावाचा दरारा राहू द्या. ती त्याची कमाई आहे. पण नव्याच्या मार्गाला तीन कसोट्या लावा. प्रत्येक वर्गाला पहिल्या पायरीपासून काहीतरी उपयोगाचे काम असावे. नव्याला बरोबर घेणाऱ्याचे नुकसान न होता फायदा व्हावा. आणि अजाणतेपणी केलेली निवड पैसे न मोजता सुधारता यावी. जुने माणूस केव्हा तरी खेळ सोडणारच. त्याच्या जागी नवा उभा राहिला नाही, तर तुकडी भरायला माणूस मिळत नाही आणि शंभरावी पायरी गाठलेला वीर रिकाम्या जगात एकटा फिरतो.

भाचा परवा म्हणाला, त्याच्या कारखान्यातल्या एका जुन्या फिटरने त्याला आपल्या तुकडीत घेतले; दोघे रात्री तासभर खेळतात. मी विचारले, 'त्यात त्याला काय मिळते?' तो म्हणाला, 'मामा, त्याला जखमा बऱ्या करणारा हवाच होता की!'