पिन तुटली? थांबा, ॲलन बोल्ट घालू नका!



फरसाण, कॅटरिंग, खाणावळ अशा धंद्यांत आता पेलेटवर चालणारी भट्टी बऱ्याच ठिकाणी दिसते. १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरचं बिल ज्याने भरलंय, त्याला याचं कारण वेगळं सांगायला नको. पण या भट्टीत बोटाएवढीसुद्धा नसलेली एक पिन असते. ऐन दिवाळीच्या ऑर्डरमध्ये ती तुटली की कढई थंड. आणि त्या घाईत जो निर्णय घेतला जातो, तो पिनपेक्षा कितीतरी महाग पडतो.

ही पिन करते काय?

हॉपरमध्ये पेलेट असतात. खालचा लांब स्क्रू, म्हणजे ऑगर, हळूहळू फिरत ते जाळाकडे ढकलतो. स्क्रूला फिरवते गिअरबॉक्सची मोटर. बऱ्याच भट्ट्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि स्क्रू यांना जोडणारी एक आरपार पिन असते, तिला शिअर पिन म्हणतात. अमेरिकेत घरं उबदार ठेवणारे पेलेट स्टोव्ह असतात, त्यांतही ऑगर असाच चालतो. तिथे तो बहुतेक वेळा मिनिटाला एक-दोनच फेरे घेतो. वेग कमी, म्हणून जोर जास्त. मध्ये खिळा अडकला तर मोटर थांबत नाही, जोर लावतच राहते. मग काहीतरी मोडणारच.

काय मोडायचं हे मशीन बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. पिन मोडते, गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखंच.

पिनच तुटली हे ओळखायचं कसं?

हॉपर भरलेला, मोटरचा आवाज येतोय, पण जाळ मंद होत विझला. मोटरचा शाफ्ट फिरतोय आणि स्क्रू जागचा हलत नाही. असं असेल तर पिन गेली. मोटरच फिरत नसेल तर दोष वेगळा आहे, आधी वीजपुरवठा आणि मोटर तपासा.

दुरुस्ती, एकेक पायरी

१. जाळ पूर्ण विझेपर्यंत ब्लोअर चालू ठेवा. स्क्रू बंद पडल्यावर नळीतल्या पेलेटमधून आग मागे हॉपरकडे सरकू शकते. भट्टी थंड झाली की मेन स्विच बंद करून प्लग काढा. नुसतं पॅनलचं बटण दाबून हात घालू नका. हळू फिरणारा स्क्रूही बोट सोडत नाही.

२. हॉपर रिकामा करा. मोटरचे बोल्ट काढून गिअरबॉक्स स्क्रूपासून सुटा करता येतो का ते बघा.

३. पिनेचे बाहेरचे तुकडे सहज निघतात, मधला शाफ्टमध्ये अडकतो. गंज सोडवणारं तेल मारून थोडं थांबा. शाफ्टखाली लाकडाचा ठोकळा द्या आणि पिनेपेक्षा किंचित बारीक पंचाने तुकडा बाहेर ठोका. ठोकळा नसेल तर प्रत्येक घाव गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो. ड्रिल लावावं लागलं तर भोक मोठं होऊ देऊ नका.

४. आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन पिन घालण्याआधी स्क्रू हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघा. अडला, तर कारण अजून आतच आहे. खिळा, खडा, ओलाव्याने फुगलेले पेलेट किंवा खालच्या टोकाला घट्ट बसलेला भुसा. ते काढल्याशिवाय पिन घातली तर तीही तुटणार.

५. जुन्याच मापाची, जुन्याच धातूची पिन घाला. पाच मिनिटं रिकामी चालवा, आवाज ऐका, मग थोडे पेलेट टाका.

"जरा मजबूत घालू" हे गणित

इथेच धंदा अडकतो. कामगार म्हणतो, "शेठ, ही पिन नाजूक आहे, डब्यात ॲलन बोल्ट आहे, तोच घालतो." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आकडे बघा.

पिनेची ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते. ५ मिमीच्या जागी ६ मिमी घातली, तर २५ च्या जागी ३६, म्हणजे ताकद ४४ टक्के जास्त. त्यात धातूचा फरक. बोल्टवर ४.८, ८.८, १२.९ असे ग्रेड असतात आणि पहिला आकडा ताकद सांगतो. काळे ॲलन बोल्ट बहुतेक १२.९ चे, म्हणजे ४.८ च्या साधारण तिप्पट. दोन्ही मिळून पिन चौपटीहून मजबूत झाली. पुढचा खिळा अडकेल तेव्हा ती तुटणार नाही. गिअरचे दात तुटतील नाहीतर मोटर जळेल. पिन मिनिटांत बदलता येते. गिअरबॉक्स मागवावा लागतो, आणि ऑर्डर तोपर्यंत थांबत नाही.

पिना वारंवार तुटत असतील तर

महिन्यात दोन पिना गेल्या तर पिनेला दोष देऊ नका. पेलेटकडे बघा. पोत्याच्या तळाशी भुकटी किती आहे? ती चाळून टाका. पेलेट फार लांब आहेत का? आंतरराष्ट्रीय मानकात लाकडी पेलेटची लांबी साधारण ४० मिमीपर्यंत धरतात. त्याहून लांब तुकडे नळीच्या तोंडाशी आडवे बसतात. पावसाळ्यात पोती जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली फळ्या टाका, वर ताडपत्री. पेलेट एकदा फुगला की पुन्हा वाळवून कामाचा राहत नाही. पेलेट ठीक असतील तर स्क्रूचं बेअरिंग आणि मोटरची लाइन तपासा.

आजच करायची तीन कामं

पहिलं, चालू पिनेचं माप व्हर्नियरने घ्या: व्यास, लांबी, धातू. वहीत लिहा. पुरवठादाराकडून सहा पिना मागवून, पंच आणि हातोडीसोबत एका डबीत भट्टीजवळ ठेवा.

दुसरं, एक साधं रजिस्टर ठेवा. तारीख, कोणत्या मालाचं पोतं होतं, आत काय सापडलं. तीन नोंदींतच चित्र दिसायला लागतं, आणि पेलेटवाल्याशी बोलताना हातात पुरावा असतो.

तिसरं, बंद तासाची किंमत काढा. समजा तासाला १५ किलो शेव निघते आणि किलोमागे तुम्हाला ४० रुपये सुटतात. मग एक बंद तास ६०० रुपयांचा. वर बसून राहिलेल्या माणसांची मजुरी आणि हातचं गेलेलं गिऱ्हाईक वेगळं. तुमचे आकडे टाकून बघा, म्हणजे सुट्या पिनांचा खर्च जड वाटणार नाही.

मशीन घेताना आपण घासाघीस करतो, पण "यातलं आधी काय मोडणार आणि ते माझ्याकडे आहे का?" हे विचारत नाही. पुढच्या मशीनच्या वेळी हा प्रश्न विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचारा. उत्तर देता आलं नाही, तर दुसरं दुकान बघा.