घरचा पडदा, भाग 6 : शेजारी विकेट आधी पडते

इंटरनेटवरून क्रिकेटचा सामना बघणाऱ्यांना हा ताप चांगलाच माहीत आहे. आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येतोय आणि शेजारच्या घरातून, जिथे अजून डिश किंवा केबल आहे, आरोळी ऐकू येते. गडी बाद झाला हे कळून चुकतं, कसा झाला तेवढं बघायचं उरतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सामना चालू असताना ‘गेला!’ असं टाकणाऱ्याला बोलणी बसतात ती उगाच नाही. या उशिराचं खापर बहुतेक जण नेटच्या वेगावर फोडतात. पण वेगवान फायबर घेतलेल्या घरातही विकेट उशिराच पडते, कधी दहा-पंधरा सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटाने. हा उशीर ऑनलाइन व्हिडिओच्या घडणीतच आहे, आणि ती घडण समजली की गेल्या दहा वर्षांत घरच्या करमणुकीचं जे काही झालं त्यातलं बरंचसं उलगडतं.

मागच्या भागात केबलवाल्याची गोष्ट झाली. केबल, डिश आणि त्याआधीचा दूरदर्शनचा मनोरा या तिघांचं तत्त्व एकच. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं तेव्हा मनोऱ्यावरून लहरी निघत आणि ज्याच्या गच्चीवर अँटेना त्याने त्या पकडाव्यात. देवळावरच्या भोंग्याला जसं ऐकणारे किती याच्याशी देणंघेणं नसतं, तसंच मनोऱ्याचं. दहा घरांनी बघितलं काय आणि दहा लाख घरांनी काय, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच. मात्र कोणी बघितलं, किती वेळ बघितलं, मध्येच उठून कोण गेलं, हे मनोऱ्याला कधीच कळायचं नाही.

ऑनलाइन व्हिडिओत मागितल्याशिवाय काही येत नाही. मैदानातून आलेलं चित्रण आधी वेगवेगळ्या दर्जांत तयार होतं. लहान पडद्यासाठी हलकं, मोठ्या टीव्हीसाठी जड, अशा पाच-सहा पायऱ्या असतात. मग प्रत्येक पायरीचे काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि त्यांची यादी बनते. तुमचं ॲप ही यादी वाचून एकेक तुकडा मागवतं. ॲपल कंपनीने 2009 मध्ये ही पद्धत आयफोनसाठी आणली आणि आज थोड्याफार फरकाने सगळीकडे तीच चालते. लिफ्टमध्ये शिरल्यावर चित्र थांबत नाही, नुसतं धूसर होतं, ते यामुळेच : नेट मंदावल्याचं ॲपला जाणवतं आणि पुढचा तुकडा ते खालच्या पायरीवरचा मागवतं. उशिराचं मूळही इथेच आहे. तुकडा पुरा झाल्याशिवाय पाठवता येत नाही, आणि खंड पडू नये म्हणून ॲप दोन-चार तुकडे हाताशी ठेवूनच खेळ सुरू करतं. ती शिल्लक म्हणजेच शेजाऱ्याची आघाडी.

म्हणजे प्रत्येक प्रेक्षकाला त्याची वेगळी प्रत. स्वच्छ एचडी चित्र तासाला साधारण दोन जीबी खातं. एक प्रेक्षक वाढला की पाठवायचा मालही तेवढा वाढला. सिनेमा-मालिकांच्या बाबतीत यावर तोडगा आहे. नेटफ्लिक्स आपल्या साठ्याच्या पेट्या थेट इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेत नेऊन ठेवतं आणि गर्दी नसलेल्या वेळी त्या भरून घेतं, त्यामुळे रात्री तुम्ही बघता तो सिनेमा अमेरिकेतून नव्हे, जवळपासच्याच पेटीतून आलेला असतो. थेट सामन्याची प्रत मात्र आदल्या रात्री भरून ठेवता येत नाही.

10 जुलै 2019. मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याचा राखीव दिवस, समोर न्यूझीलंड आणि खेळपट्टीवर धोनी. हॉटस्टारवर एकाच वेळी 2 कोटी 53 लाख प्रेक्षक जमले होते. गप्टिलच्या फेकीवर धोनी धावबाद झाला आणि लाखो लोकांनी जवळजवळ एकाच क्षणी ‘मागे’ची खूण दाबली. गंमत अशी की प्रेक्षक गेले म्हणून यंत्रणेला विश्रांती मिळत नाही. मागे गेलेला माणूस ॲपच्या पहिल्या पानावर येतो, आणि त्या पानाला एकदम शेकडो गोष्टी लागतात : पोस्टर, शिफारशी, तुम्ही अर्धवट सोडलेल्या मालिकांची यादी. म्हणून मोठ्या सामन्यांना शिफारशींसारख्या बिनमहत्त्वाच्या सोयी सरळ बंद करता येतील अशी तयारी ठेवावी लागते, आणि जादा सर्व्हर गर्दी व्हायच्या आधीच उभे करून ठेवावे लागतात. गर्दी दिसल्यावर धावाधाव करण्याइतका वेळ मिळत नाही. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हाच आकडा 5 कोटी 90 लाखांवर गेला.

एवढा खर्चाचा उपद्व्याप कंपन्या करतात कशासाठी? तुकडा मागताना प्रत्येक ॲप आपली ओळख सांगतं, यासाठी. मनोऱ्याला जे कधीच कळलं नाही ते सर्व्हरच्या नोंदीत आपोआप जमा होतं. टीव्हीवर कोण काय बघतं हे ठरवण्यासाठी आजही बार्क ही संस्था साठ हजारांच्या आतल्या घरांत मीटर बसवून देशातल्या वीस कोटींहून जास्त टीव्हीघरांचा अंदाज बांधते. दर गुरुवारी येणाऱ्या त्या टीआरपीवर मराठी मालिकेत कोणाचं लग्न लांबवायचं आणि कोणाला कोमातून उठवायचं, हे ठरतं. ऑनलाइनवाल्यांना असा अंदाज लागत नाही. शिवाय तुकडे वेगवेगळे पाठवायचेच आहेत म्हटल्यावर मधली जाहिरात तरी सगळ्यांना एकच कशाला? त्याच षटकानंतर शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना दोन वेगळ्या जाहिराती दिसू शकतात. राष्ट्रीय वाहिनीचे दहा सेकंद परवडणं सांगलीच्या साडीदुकानाला स्वप्नातही शक्य नव्हतं. आता ते फक्त सांगली-मिरजेतले प्रेक्षक विकत घेऊ शकतं.

याचा हिशेब जून 2022 मध्ये जाहीरपणे मांडला गेला. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे भारतातले टीव्हीचे हक्क 23,575 कोटींना गेले. डिजिटल हक्कांच्या दोन गठ्ठ्यांची बेरीज त्याहून थोडी का होईना, जास्त भरली. टीव्हीपेक्षा मोबाइलचा पडदा महाग ठरला. ते हक्क घेणाऱ्या वायकॉम18 ने 2023 चा हंगाम जिओसिनेमावर चक्क फुकट दाखवला. यात दानधर्म नव्हता. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर डेटा मातीमोल झाला होता, तेव्हा बघणाऱ्यांची वाण नव्हती, आणि कंपनीला ओळखीचे प्रेक्षक जमवायचे होते. पुढे जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र येऊन फेब्रुवारी 2025 मध्ये जिओहॉटस्टार झालं आणि फुकटची पंगत आवरती घेतली गेली.

मराठी प्रेक्षकाला या घडणीचा एक उघड फायदा झाला. पूर्वी नवी भाषा म्हणजे बहुधा नवी वाहिनी : परवाना, उपग्रहावरची जागा, केबलवाल्याची मनधरणी. ऑनलाइनमध्ये चित्र तेच ठेवून आवाजाची आणखी एक वाट जोडली की काम भागू शकतं. जिओसिनेमाच्या त्या हंगामात बारा भाषा होत्या आणि त्यात मराठीही होती. केदार जाधव त्या मराठी समालोचनात होता आणि हंगामाच्या मध्येच बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायला बोलावून घेतलं. हीच सोय उलट दिशेनेही चालते. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची ‘समांतर’ 2020 मध्ये एमएक्स प्लेयरवर मराठीत आली आणि सोबतच इतर भारतीय भाषांतही ऐकता आली. मराठीसाठी म्हणून स्वतंत्र ॲप काढण्याचे प्रयोगही झाले. माझ्या मते मोठ्या ॲपवर मराठीची वाट जोडणं हेच जास्त टिकाऊ, कारण छोट्या ॲपला प्रतींचा खर्च तोच आणि प्रेक्षक थोडे.

‘एकत्र टीव्ही बघणं संपलं’ असं म्हणून आपण हळहळतो आणि दोष मुलांच्या मोबाइलला देतो. खरं तर कंपन्यांची अडचण नेमकी उलटी आहे. स्मार्ट टीव्हीसमोर आजी, सून आणि दोन नातवंडं बसलेली असली तरी सर्व्हरच्या नोंदीत एकच यंत्र दिसतं. जाहिरात गुडघेदुखीच्या तेलाची दाखवायची की बुटांची? मोबाइल एका माणसाचा असतो, म्हणून तो सोपा. ॲप उघडताच ‘कोण बघतंय?’ असं विचारून नावांचे चौकोन समोर येतात, ते घरातल्या गर्दीतून एकेकाला वेगळं काढण्यासाठी. त्या नोंदींवरून शिफारशी कशा शिजतात, ते पुढच्या भागासाठी राखून ठेवतो.

दरम्यान सरकारी पातळीवर उलट्या दिशेचा एक प्रयोग चालू आहे. आयआयटी कानपूर आणि बंगळुरूची सांख्य लॅब्ज यांनी प्रसार भारतीच्या साथीने मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर चित्र पोचवण्याच्या चाचण्या घेतल्या. त्याला ना सिम लागतं, ना डेटा. प्रेक्षक कितीही वाढले तरी खर्च वाढणार नाही, आणि शेजाऱ्याच्या आधी नाही तरी त्याच्याबरोबर विकेट पडेल. मोबाइल कंपन्या नाखूश आहेत, कारण त्यांच्या जाळ्यावरचा सर्वांत मोठा माल व्हिडिओ हाच आहे. फोन बनवणारेही अनुत्सुक आहेत : प्रत्येक फोनमध्ये जादा चिप बसवावी लागेल आणि तिचे पैसे कोणी भरायचे, इथे घोडं अडलं आहे.